गुडघ्याच्या डॉक्टरांना लघवीचं सांगा

पत्र :

डॉक्टर, सप्रेम नमस्कार. आम्ही निपाणीचे. माझे वडील, आम्ही आप्पा म्हणतो, ६७ वर्षांचे आहेत. आयुष्य तंबाखूच्या वखारीत हिशेब लिहिण्यात गेलं, बिडी सोबतीला होतीच. लघवीतून रक्त गेलं म्हणून कोल्हापुरात दाखवलं, तर लघवीच्या पिशवीत गाठ निघाली. दुर्बिणीतून काढली. 'कॅन्सर आहे, पण मांसात उतरलेला नाही' असं सांगितलं आणि दर आठवड्याला पिशवीत बीसीजीचं औषध सोडायचं ठरलं. सहापैकी पाच झाले.

पाचव्या डोसनंतर आठवड्याच्या आतच उजवा गुडघा आणि डावा घोटा टम्म सुजला. एक डोळा लाल झालाय, उजेड सोसत नाही. संध्याकाळी अंग कोमट लागतं. निपाणीतल्या हाडाच्या डॉक्टरांनी एक्स-रे काढून 'वयानं झीज झालीय' म्हटलं आणि गुडघ्यात इंजेक्शन घ्यायला सांगितलंय. मामा म्हणतात, चिकनगुनियाच हाय. भाऊ मला बाजूला घेऊन म्हणाला, कॅन्सर हाडात गेला बघ. चुलत्यांनी कुठल्याशा वैद्याच्या पुड्या आणल्यात, 'तीन दिवसांत चालायला लागतील' म्हणून. शेजारच्या एका नर्सबाईंनी 'ही टीबीची लस आहे, टीबीचा कोर्सच चालू करा' असं सुचवलं. ते ऐकून आईनं आप्पांचं ताट-तांब्या वेगळा ठेवलाय, नातवंडांना जवळ जाऊ देत नाही. येत्या गुरुवारी सहावा डोस आहे. द्यायचा का? आणि आप्पा विचारतात, मार्गशीर्ष पौर्णिमेला सौंदत्तीला यल्लम्माला जाता येईल का.

– निपाणीची एक लेक

उत्तर :

ताई,

आधी गुरुवारचं बोलू, बाकी सगळं त्यानंतर.

गुरुवारी कोल्हापूरला जा, पण डोस घ्यायला जाऊ नका, गुडघा दाखवायला जा. त्याच्याही आधी, हे वाचून झालं की लघवीच्या डॉक्टरांना फोन लावा. सांगा की पाचव्या डोसनंतर दोन सांधे सुजलेत, डोळा लाल आहे, अंग गरम लागतंय, सहावा थांबवायचा ना? ते 'थांबवा' म्हणतील अशी माझी खात्री आहे. सांधे असे पेटलेले असताना पिशवीत पुन्हा बीसीजी सोडत नाहीत. निर्णय त्यांचाच, पण त्यांना कळलं तर ते घेणार! आप्पा नुसते लंगडत जाऊन खाटेवर पडले आणि नर्सनं नेहमीसारखी नळी घातली, तर गुडघ्याकडं कुणाचं लक्ष जाईल याचा भरवसा नाही. आपली माणसं कशी असतात ते मला ठाऊक आहे. 'गुडघ्याचं लघवीच्या डॉक्टरला काय सांगायचं' म्हणून गप्प बसतात.

दुसरं, डोळा. उजेड सोसत नाही असं तुम्ही लिहिलंय ते महत्त्वाचं आहे. नुसतं डोळे येणं असेल तर चिकटा येतो, खाज येते, दोन-चार दिवसांत निवळतं. उजेड टोचतो, आत ठणकतं, नजर धूसर होते, तेव्हा डोळ्याच्या आतल्या थराला सूज असू शकते आणि ती अंगावर काढली तर नजरेला धोका. मेडिकलमधून थेंब आणून घालू नका. उद्याच डोळ्याच्या डॉक्टरांकडं जा. ते यंत्रावर हनुवटी टेकवायला लावून बघतील, पाच मिनिटांचं काम आहे.

तिसरं, 'अंग कोमट लागतं' हे माप नव्हे. थर्मामीटर आणा आणि सकाळ-संध्याकाळ आकडा लिहून ठेवा. डोसनंतर दिवस-दोन दिवस थोडी कणकण बहुतेकांना येते. पण ताप १०१ च्या वर गेला आणि दोन दिवसांत उतरला नाही, थंडी वाजून हुडहुडी भरली, दम लागला किंवा डोळे पिवळे दिसले, तर रात्र असो की रविवार, मोठ्या रुग्णालयात न्यायचं. तो प्रकार सांध्यांच्या पुढचा असतो. पिशवीतले जंतू रक्तात गेल्याची शंका घ्यावी लागते.

आता हे झालंय काय ते सांगते.

तुमच्या नर्सबाईंचं अर्धं बरोबर आहे. बीसीजी ही टीबीची लस, आपल्या दंडावर जिचा व्रण असतो तीच. फ्रान्समधल्या लील शहरात काल्मेट आणि गेरँ या दोघांनी १९०८ पासून १३ वर्षं गाईच्या टीबीचा जंतू पुन्हा पुन्हा नव्या अन्नावर वाढवला. असं २३० वेळा केल्यावर त्याचा विखार उतरला. १९२१ मध्ये ती लस पहिल्यांदा माणसाला दिली गेली. तिचा कॅन्सरशी संबंध जुळायला पुढं अर्धशतक गेलं. कॅनडातल्या किंग्स्टनच्या अल्वारो मोरालेस या मूत्ररोगतज्ज्ञांनी १९७६ मध्ये ती थेट पिशवीत सोडून, नऊ रुग्णांचा अनुभव छापला. आठवड्याला एक असे सहाच डोस का, याची गंमत अशी सांगतात की त्यांना मिळणाऱ्या लसीच्या खोक्यात सहा कुप्या असायच्या! आज जगभर, आणि पुण्यात तयार होणाऱ्या लसीवर आपल्याकडंही, पहिला कोर्स सहाचाच चालतो.

औषध स्वतः कॅन्सरच्या पेशी मारत नाही. ते हाळी देतं. जिवंत पण दुबळा जंतू पिशवीच्या अस्तराला चिकटला की अंगातली रोगप्रतिकारशक्ती तिथं धावून येते आणि त्या धुमश्चक्रीत कॅन्सरच्या उरल्यासुरल्या पेशीही मारल्या जातात. पण गावात 'चोर आला' अशी हाळी उठल्यावर काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. काठ्या घेऊन निघालेली माणसं कधी कधी मुक्कामाला आलेल्या पाहुण्यालाही बडवतात, कारण अंधारात तोंडवळा सारखा दिसला. जंतूच्या एका प्रथिनाचा तोंडवळा सांध्यातल्या कूर्चेच्या, म्हणजे हाडांच्या टोकांवरच्या गादीच्या, प्रथिनाशी जुळतो आणि म्हणून ही फौज सांध्यांवर तुटून पडते, असा जाणकारांचा कयास आहे. सांध्यात जंतू नसतो. तिथलं पाणी तपासलं तर त्यात काही उगवत नाही. याला आम्ही प्रतिक्रियात्मक संधिदाह म्हणतो. ढोबळ मानानं बीसीजी घेणाऱ्या शंभरात एखाद्याला होतो, सहसा चार-सहा डोस झाल्यावर, शेवटच्या डोसनंतर आठवड्या-दोन आठवड्यांत. गुडघा आणि घोटा हे त्याचे आवडते सांधे आणि सोबतीला बऱ्याचदा लाल डोळा. तुमचं पत्र वाचताना मला दुसरं काही सुचलंच नाही. तरी पत्रावरून निदान करायचं नसतं, म्हणून 'बहुधा' हा शब्द इथं ठेवते.

मी इतकी ठासून बोलतेय त्याला कारण आहे. २००६ मध्ये आपल्याकडं चिकनगुनियाची साथ आली होती, आठवत असेल. माझ्या दवाखान्याच्या पायरीवर सकाळी आठापासून गुडघे धरून बसलेली माणसं असायची. त्यांतच खानापूरकडचे एक निवृत्त गृहस्थ आले. दोन्ही गुडघे सुजलेले, अंगात कसर. मी नाडी धरली, जीभ पाहिली आणि इतर पन्नास जणांना दिलं तेच त्यांना दिलं. तीन आठवडे ते येत राहिले, प्रत्येक वेळी थोडे अधिक वाकलेले. चौथ्या खेपेला त्यांच्या सुनेनं पिशवीतून औषधाची चिठ्ठी काढताना दुसरीच एक फाईल टेबलावर ठेवली आणि पहिल्या पानावर बीसीजीच्या तारखा होत्या. साथ सुरू असताना मी त्यांना 'आणखी कुठलं औषध चालू आहे का' हे विचारलंच नव्हतं. त्यांनीही सांगितलं नव्हतं, कारण ते 'लघवीचं' होतं. मधल्या काळात त्यांना दोन डोस आणखी दिले गेले होते. पुढं ते बरे झाले, पण त्या तीन आठवड्यांची चूक माझीच.

तर आता घरातली एकेक मतं घेऊ.

झीज. ६७ व्या वर्षी एक्स-रेत झीज दिसणारच, माझ्याही गुडघ्यात दिसेल. एक्स-रेत ती आहे म्हणजे दुखणं तिचंच, असं होत नाही. झीज वर्षानुवर्षं कुरकुरते, चाललं की दुखते, बसलं की थांबते. आठवड्यात दोन सांधे टम्म फुगवायचं काम ती करत नाही. घरच्या घरी बघायचं तर आप्पांना चादर बाजूला करून पाच मिनिटं पडू द्या आणि हाताची मागची बाजू आधी डाव्या गुडघ्यावर, मग उजव्यावर ठेवा. उजवा तव्यावरून नुकत्या उतरवलेल्या भाकरीसारखा ऊन लागला, तर ती सूज आतून पेटलेली आहे. सकाळी उठल्यावर सांधे मोकळे व्हायला किती वेळ लागतो तेही विचारा. पाच-दहा मिनिटं लागली तर झीज. चहा-आंघोळ होऊन पेपर वाचून झाला तरी गुडघा आखडलेलाच, तर दाह.

चिकनगुनिया. मामांचा तर्क अगदीच वाया नाही, आपल्या भागात तो अधूनमधून असतोच. पण त्याची सुरुवात सडकून तापानं होते, बहुधा अंगावर पुरळ येतं, आणि हातापायांचे छोटे सांधे दोन्ही बाजूंचे एकदम धरतात. रक्ताची तपासणी करून टाका, मामांचंही समाधान होईल.

कॅन्सर हाडात जाणं. भावाला हे पान वाचायला द्या. आप्पांचा कॅन्सर अस्तरातच होता, मांसाच्या थरात उतरला नव्हता, हे गाठीच्या तपासणीत लिहिलंय. असा कॅन्सर पाच आठवड्यांत गुडघ्यात आणि घोट्यात एकदम पोचत नाही. हाडात पसरलेला कॅन्सर बहुधा पाठीत, खुब्यात, बरगड्यांत ठणकतो, रात्री जास्त. सांधा गरम होऊन फुगणं हे त्याचं रूप नव्हे. भाऊ घाबरलाय. त्यात त्याचा दोष नाही, पण आप्पांच्या कानावर ते वाक्य जाऊ देऊ नका.

गुडघ्यातलं इंजेक्शन. इथं मी जरा आडवी येणार आहे. ते इंजेक्शन बहुतेक स्टिरॉइडचं असतं. गुडघ्यात पाणी भरलेलं असताना, ते पाणी तपासल्याशिवाय स्टिरॉइड आत सोडू नये. हाडाच्या डॉक्टरांना नम्रपणे म्हणा, 'आधी पाणी काढून तपासायला पाठवता का?' सुई तीच आणि दुखणंही तेवढंच, पण उत्तर मिळतं. त्या पाण्यात पेशी किती, युरिक ॲसिडचे स्फटिक आहेत का, साधे जंतू उगवतात का, टीबीच्या जातीचे उगवतात का, हे चारही बघायला सांगा. आप्पांना शुगर असेल किंवा नळी घालताना कधी रक्त आलं असेल, तर साध्या जंतूंनी सांधा पिकल्याची शक्यताही आधी घालवावी लागते. सांधा पिकला असेल तर दिवस मोजायचे नसतात, तास मोजायचे असतात. गुडघ्यात आधीच कृत्रिम सांधा बसवलेला असेल तर तेही पहिल्या वाक्यात सांगा. तिथं बीसीजीचा जंतू क्वचित खरंच जाऊन बसतो.

टीबीचा कोर्स. आप्पांना टीबी झालेला नाही. हातावरची टीबीची चाचणी आता केली तर ती फुगेल, कारण आपण स्वतःच तो जंतू महिनाभर आत सोडतोय. ती फुगली म्हणून कोर्स चालू करायचा नाही. बीसीजी अंगभर पसरल्याची खात्री झाली तर टीबीची औषधं लागतात, पण तिथंही नेहमीचं चार औषधांचं पाकीट जसंच्या तसं चालत नाही. त्यातलं पायराझिनामाइड या जंतूला लागूच पडत नाही, तो जन्मतःच त्याला दाद देत नाही. वर त्या गोळीनं रक्तातलं युरिक ॲसिड वाढतं आणि सांधे दुखायला लागतात! दुखणाऱ्या सांध्यांवर सांधे दुखवणारी गोळी, हा विनोद मी दोनदा पाहिलाय. काही तज्ज्ञ सांध्यांच्या औषधाबरोबर नुसतं आयसोनियाझिड हे टीबीचं एक औषध देतात, काही देत नाहीत. तो निर्णय तुम्ही-मी घ्यायचा नाही आणि नर्सबाईंनी तर नाहीच.

पुड्या. चुलत्यांचा जीव आहे आप्पांवर, म्हणून एवढ्या लांबून आणल्या. पण 'तीन दिवसांत चालायला लागतील' हे वाक्य ऐकलं की माझे कान टवकारतात. इतक्या झटपट सांधे उतरवणाऱ्या पुड्यांत पुष्कळदा स्टिरॉइड मिसळलेलं असतं, प्रमाण कुणालाच माहीत नसतं. आप्पांच्या अंगात जिवंत जंतू सोडलाय, तो पिशवीतच राहतो कारण प्रतिकारशक्ती जागी आहे. तिला अंदाधुंद झोपवणं म्हणजे राखणदाराला भांग पाजणं. डॉक्टरही या आजारात कधी कधी स्टिरॉइड देतात, पण मोजून, थोडे दिवस, आणि ताप-रक्त बघून. पुड्या फेकायला चुलत्यांना वाईट वाटेल, म्हणून त्या डॉक्टरांना दाखवायला घेऊन जा आणि तिथंच ठेवून या.

बरं, मग औषध काय? पहिली पायरी म्हणजे बीसीजी थांबवणं, आणि सूज उतरवणाऱ्या वेदनाशामक गोळ्या – नॅप्रोक्सेन, इंडोमेथॅसिन, डायक्लोफेनॅक या घराण्यातलं काहीतरी. या गोळ्या मेडिकलवाला चिठ्ठीशिवाय देतो, म्हणून त्या साध्या आहेत असं समजू नका. आधी रक्तातलं क्रिएटिनिन बघायचं, किडनी ठीक आहे ना. बीपीची गोळी, रक्त पातळ करणारी गोळी, पूर्वीचा अल्सर, आणि लघवीतून अजून रक्त जातंय का, हे सगळं डॉक्टरांना सांगायचं. एवढ्यानं भागलं नाही तर थोड्या दिवसांचं स्टिरॉइड, आणि फारच रेंगाळलं तर आणखी औषधं आहेत. बहुतेकांचे सांधे काही आठवड्यांत उतरतात, काहींना दोन-चार महिने लागतात, आणि सहसा मागं खोड राहत नाही. एचएलए-बी२७ नावाची एक रक्ततपासणी कुणी सुचवेल. या आजाराच्या निम्म्या-अर्ध्या रुग्णांत ती पॉझिटिव्ह येते, पण ती निगेटिव्ह आली म्हणून आजार नाही असं होत नाही. तज्ज्ञ म्हणाले तर करा, पहिल्या दिवशीच हजारो रुपये घालवू नका.

लघवीची जळजळ होते म्हणून कुणी सिप्रोफ्लॉक्सासिनसारखी गोळी देत असेल तर तीही लघवीच्या डॉक्टरांना विचारूनच. त्या जातीची औषधं बीसीजीच्या जंतूलाही मारतात, आणि उतारवयात टाचेच्या वरच्या कंडरेला, म्हणजे स्नायू हाडाला बांधणाऱ्या जाड दोरीला, इजा करू शकतात. घोटा सुजलेल्या माणसाला तर तो आणखी एक घोळ.

आता तुमच्या पत्रात न लिहिलेली, पण ओळींच्या मध्ये असलेली भीती. डोस अर्धवट राहिला तर कॅन्सर परत येईल का?

सहापैकी पाच झालेत. किमान पाच झाले की पहिला कोर्स बऱ्यापैकी पदरात पडला असं मूत्ररोगतज्ज्ञ धरतात. तेव्हा एका गुरुवारासाठी जीव टांगणीला लावू नका. खरा प्रश्न पुढचा आहे. ज्यांचा धोका जास्त असतो त्यांना नंतरही ठरावीक महिन्यांनी तीन-तीन डोस देतात, कधी वर्षभर, कधी तीन वर्षं. सांधे एकदा असे पेटले की पुन्हा बीसीजी दिल्यावर ते पुन्हा पेटण्याची शक्यता असते, म्हणून अनेकांच्या बाबतीत ती कायमची बंद करतात. पण वाट तिथं संपत नाही. पिशवीत सोडायची केमोथेरपीची औषधं आहेत, मायटोमायसिन, जेमसिटाबिन. गाठ फारच हट्टी निघाली तर पिशवी काढण्याचं ऑपरेशन असतं. बीसीजीला दाद न देणाऱ्या काही रुग्णांना पेम्ब्रोलिझुमॅब हे शिरेतून द्यायचं औषध आहे, पण तीही इम्युनोथेरपीच, म्हणजे बीसीजीसारखी प्रतिकारशक्तीला उठवणारी. तिनंही सांधे सुजू शकतात, तेव्हा तो विषय निघाला तर आप्पांच्या आजच्या गुडघ्याची आठवण त्या डॉक्टरांना करून द्या. आणि काहीही ठरलं तरी तीन महिन्यांनी दुर्बिणीची तपासणी चुकवायची नाही. सांधे बरे झाले की माणूस सगळंच बरं झालं असं धरून चालतो आणि तारीख विसरतो. कॅलेंडरवर आजच लिहा.

बिडीचं मी विचारत नाही. तंबाखूच्या धंद्यावर उभ्या असलेल्या गावाला मी हे लिहितेय याची मला जाणीव आहे, त्यावर किती घरं जगली तेही माहीत आहे. पण या कॅन्सरचं सगळ्यात मोठं कारण धूर हेच आहे, आणि निदान झाल्यावरही ओढत राहिलं तर गाठ परत येण्याची शक्यता वाढते. आप्पांना हिशेब कळतो. त्यांना एवढं पुरे.

आता ताट-तांब्या. आईंना सांगा, सांध्यांची सूज कुणालाही लागत नाही. बीसीजीचा जंतू लघवीतून बाहेर पडतो, तोही मुख्यतः डोसनंतरच्या पहिल्या काही तासांत. काळजी घ्यायची ती संडासात. ज्या दिवशी डोस असेल त्या दिवशी सहा तास आप्पांनी बसूनच लघवी करायची, म्हणजे शिंतोडे उडत नाहीत. प्रत्येक वेळी वर ब्लीचिंगचं पाणी ओतून पंधरा मिनिटं तसंच ठेवायचं, मग पाणी टाकायचं, हात साबणानं धुवायचे. (सुजलेल्या गुडघ्यानं देशी संडासात बसणं किती हालाचं असतं! कमोडची खुर्ची बाजारात मिळते, आजच आणा.) बस्स. एका ताटात जेवा, नातवंडांना मांडीवर बसू द्या. गुडघा दुखतोय म्हणून मांडीवर नको म्हटलं तर चालेल, टीबी म्हणून नको.

आणि आता मूळ दुखणं, जे तुमच्या पत्राच्या प्रत्येक ओळीत आहे. गाठ कोल्हापुरात काढली, गुडघा निपाणीत दाखवला, उद्या डोळा चिकोडीत दाखवाल, कुणी म्हणेल बेळगावला मोठ्या दवाखान्यात न्या. सीमाभागातल्या माणसाची फाईलही दोन राज्यांत वाटलेली असते, आणि यातल्या एकाही डॉक्टरला दुसऱ्याचं नाव माहीत नसतं. म्हणून एका कागदावर तुमच्या हातानं लिहा : पिशवीच्या कॅन्सरचं निदान कधी, गाठ कधी काढली, बीसीजीचे पाच डोस कोणत्या तारखांना, सूज कोणत्या दिवशी सुरू झाली, आधी कुठला सांधा, मग कुठला, डोळा कधी लाल झाला, तापाचे आकडे, चालू असलेली प्रत्येक गोळी. कुपीवरच्या लेबलचा फोटो दवाखान्यातून मागून घ्या. कागदाच्या माथ्यावर ठळक अक्षरांत 'पिशवीत बीसीजी चालू होती' असं लिहा. एक प्रत इंग्रजीत करा, बेळगावच्या तरुण डॉक्टरांना ती सोयीची पडेल. हा कागद प्रत्येक टेबलावर सगळ्यात आधी ठेवायचा, आप्पा खुर्चीत बसायच्याही आधी. आणि जमलं तर हाडाच्या डॉक्टरांऐवजी संधिवाततज्ज्ञांना दाखवा, कोल्हापुरात किंवा बेळगावात. या सुजेचे वैद्य ते. त्यांच्याच टेबलावरून लघवीच्या डॉक्टरांना फोन लावून द्या आणि दोघांना बोलू द्या. संकोच करू नका, डॉक्टरांना त्याचा राग येत नाही. आला तरी दोन मिनिटांत जातो.

खर्चाचं तुम्ही विचारलं नाहीत, पण इकडचं आरोग्य कर्नाटक कार्ड तिकडं कोल्हापुरात चालतं का हा प्रश्न पडलाच असेल. महाराष्ट्रानं २०२३ मध्ये सीमाभागातल्या ८६५ गावांना महात्मा फुले योजना देऊ केली, त्यावरून दोन्हीकडं बरंच तापलं. तुमच्या रुग्णालयात, तुमच्या कागदांवर काय चालेल ते तिथल्या आरोग्यमित्राच्या, म्हणजे योजनेच्या मदतनीसाच्या, खिडकीवर विचारा. उपचार झाल्यावर विचारलं तर उपयोग नाही, आधी विचारायचं.

यल्लम्माचं म्हणाल तर पौर्णिमेला अजून अवकाश आहे. आत्ता सूज असेपर्यंत गुडघ्याला विसावा, दिवसातून तीनदा फडक्यात गुंडाळलेला बर्फ, आणि पडल्या पडल्या मांडी आवळून धरायचा-सोडायचा व्यायाम, नाहीतर मांडीचं मांस वाळतं. शेक आणि चोळणं दोन्ही बंद. सूज उतरली असेल आणि डॉक्टर हो म्हणाले, तर गाडीनं जा, वाटेत दर तासाला उतरून चार पावलं टाका, गर्दीचा दिवस टाळून पौर्णिमेच्या दोन दिवस आधी दर्शन घ्या. आणि नाहीच उतरली, तर माघ पौर्णिमाही यल्लम्माचीच.